अकरातली सातवी

"दहाच," शेजारच्या बिटाचा वनमजूर निकेश डोमाच्या फोनमध्ये डोकावून म्हणाला. "डोमाभाऊ, आज बी दहाच. अकरापर्यंत मोजणं शिकले नाई का जी तुमी?"

डोमा मडावीने फोन खिशात टाकला आणि कार्यालयाच्या नळावर पाय धुवायला गेला. चौदा किलोमीटर जंगल चालून आलेल्या माणसाला आधी पाय आठवतात. निकेशचे पाय स्वच्छच होते. त्याचे अकरापैकी अकरा झाले होते, तेही सकाळी सहा वाजून चार मिनिटांनी.

झाले होते असे, की खात्याने गस्त आधुनिक करायचे ठरवले. प्रत्येक बिटात, म्हणजे एकेका वनमजुराच्या हद्दीत, अकरा झाडांवर शर्टाच्या बटणापेक्षा जराशी मोठी, आकडा छापलेली एकेक चकती चिकटवली. फोनची पाठ चकतीला टेकवली की फोन थरथरतो आणि वनमजूर त्या झाडापाशी होता हे नागपूरला कळते. आजवर ते फक्त झाडाला कळत असे, ही व्यवस्थेतली मोठीच त्रुटी होती.

पंधरा दिवसांत शेजारच्या बिटातल्या चकत्या जंगलाला कंटाळून गावात राहायला आल्या. निकेशने त्या आपल्या खाटेच्या लाकडावर ओळीने लावल्या होत्या. चहाला उकळी येईपर्यंत त्याची गस्त होई. संगणकाला वेळ कळत होती, अंतर कळत नव्हते. त्यामुळे निकेशला 'उत्कृष्ट गस्त' असे प्रमाणपत्र मिळाले, आणि त्याने तेही खाटेच्या वरच लावले.

डोमाच्या चकत्या झाडांवरच होत्या. अडचण फक्त सातवीची होती. कंत्राटदाराच्या माणसाने ती गावच्या देवराईतल्या ऐनाच्या झाडावर चिकटवली होती, बुटांसकट आत जाऊन, कोणाला न विचारता. राईत पायात काही घालायचे नाही आणि कुऱ्हाड, कोयता, कसलेही लोखंड बाहेर ठेवायचे, हा गावाचा नेम. फोनबद्दल नेमात काही नव्हते, म्हणून डोमा तो घेऊन गावच्या म्हाताऱ्या पुजाऱ्याकडे, बुधूकडे गेला. बुधूने फोन उलटसुलट करून पाहिला आणि हा काय काय करतो ते विचारले. ऐकतो, पाहतो आणि लांबच्या माणसाला सांगतो, असे डोमाने सांगितले.

"मंग लोखंडाचा सवालच नाई," बुधू म्हणाला. "चुगलखोराले देवापाशी कोन नेते?"

चकतीच काढून टाकावी म्हटले, तर मोहफुलांची पूजा तिच्यासमोर होऊन गेली होती. आता ती देवाची, असे बुधूचे मत पडले. कार्यालयात अर्ज केला, तर चकतीची जागा लॉक आहे, बदल वरूनच होईल, असे उत्तर आले. वर म्हणजे नेमके किती वर, ते लिहिले नव्हते.

मग डोमाने आपला मार्ग काढला. रोज दहा-सव्वादहाला राईच्या कडेला चप्पल, कुऱ्हाड आणि फोन दगडाशी ठेवायचे, आत जायचे, चकतीला तळहात टेकवायचा आणि परत यायचे. संगणकाच्या लेखी डोमा रोज सहाव्या आणि आठव्या झाडाच्या मध्ये कुठेतरी नाहीसा होई.

एवढ्यावर हे हसण्यावारी गेले असते. पण त्या वर्षी रोजंदारीवरच्या वनमजुरांना कायम करण्याची यादी निघणार होती. डोमाची बावीस वर्षे भरली होती. बावीस उन्हाळे त्याने पळसाच्या डहाळ्यांनी वणवे झोडपले होते. अट एकच होती, सलग तीन महिने पूर्ण गस्त. अकरातले दहा म्हणजे अपूर्ण, आणि अपूर्ण म्हणजे गैरहजर. बायको, सोमारी, त्याला म्हणाली की देव समजून घेईल, खाते घेणार नाही. जो समजून घेतो त्यालाच फसवायचे का, असे डोमाने विचारले. सोमारीने भाकरी उलटली आणि विषय संपवला.

तीन महिने संपता संपता वनक्षेत्रपाल स्वाती मॅडमनी त्याला बोलावले. त्या नवीन होत्या, आणि माणूस कायम व्हावा असे त्यांना मनापासून वाटत होते. त्यांनी ड्रॉवर उघडून एक चकती टेबलावर ठेवली. सातवीची जोडचकती, जास्तीची आलेली. राहिलेले सगळे दिवस मागाहून भरता येतील, इथेच फोन टेकवा, कोणाला कळणार नाही, असे त्या हळू आवाजात म्हणाल्या.

डोमाने चकती बोटाने परत मॅडमकडे सरकवली.

"मॅडम, मी रोज तिथी जातो हे मले मालूम हाय, झाडाले मालूम हाय," तो म्हणाला. "तुमालेच मालूम नाई. तं या ना जी, दाखवतो."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. वाट निकेशच्या बिटातून जात होती. तिथल्या झाडांवर वाळलेल्या गोंदाचे गोल डाग तेवढे होते. मॅडमनी ते मोजले. डोमाच्या बिटात सहा चकत्या झाल्या, सहा वेळा फोन थरथरला. राईच्या कडेला डोमाने आपल्या वस्तू खाली ठेवल्या आणि तो थांबला. मॅडमनी बूट काढले. थोड्या वेळाने फोनही ठेवला.

ऐनाच्या झाडावर चकती होती. बाकी चकत्यांवरचे आकडे कालच छापल्यासारखे काळेकुळकुळीत होते. हिच्यावरचा सात तळहाताने पुसून पार गेला होता. मॅडमचा हात फोटो काढायला खिशात गेला आणि रिकामाच बाहेर आला.

त्या रात्री तपासणीचा अहवाल संगणकाने स्वीकारला नाही. 'पुरावा जोडा' या रकान्यात जोडायला काही नव्हते. 'मी स्वतः पाहिले' हे वाक्य त्याने तीनदा नाकारले, आणि स्वाती मॅडमची तपासणी अपूर्ण ठरवली. मॅडमनी तेच वाक्य कोऱ्या कागदावर पेनाने लिहिले, खाली सही केली आणि डोमाच्या फाइलला टाचणीने लावून फाइल वर पाठवली. निकेशच्या फाइलला दुसरा कागद लावला.

डोमाला कायम केल्याचा आदेश पावसाळ्याच्या तोंडावर आला. बावीस वर्षांना साडेतीन ओळी. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि तिथल्या तिथे डोमाला फोन लावला. घंटी वाजत राहिली. कोणी उचलला नाही.

शिपाई म्हणाला, पुन्हा लावा मॅडम, रेंज नसेल. मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. सव्वादहा झाले होते.

"रेंज आहे," त्या म्हणाल्या. त्यांनी फोन ठेवला, आदेश उडू नये म्हणून त्यावर हात ठेवला आणि डोमा राईतून बाहेर येईपर्यंत वाट पाहिली.