भिंतीवरचा शिंपी

माझा नवरा शिंपी आहे. बायकांचे कपडे शिवतो, चांगले शिवतो, आणि स्वयंपाकघरात झुरळ दिसलं की मला हाक मारतो. त्याचा हसरा फोटो आमच्या घराजवळच्या मोठ्या दुकानात, आत शिरल्या शिरल्या उजव्या भिंतीवर लागला. वर मोठ्या अक्षरांत मथळा : 'आमचे शूर सैनिक'.

सैनिक मी होते. फौजेत मी गाड्या दुरुस्त करायचे. रस्त्यात बंद पडलेला ट्रक ओढून आणायचा, दरीच्या काठावर लटकलेला वर घ्यायचा, आणि हे सगळं कोणीतरी डोंगरावरून आपल्यावर गोळ्या झाडत असताना करायचं. ऐन उमेदीची वर्षं सगळी गाड्यांच्या पोटाखाली उताणी पडून गेली. निवृत्त झाले तेव्हा गुडघ्यांची वाट लागलेली होती आणि हातात एक कार्ड होतं. माजी सैनिकाचं. ते दाखवलं की त्या दुकानात बिलावर सूट मिळते.

पहिल्यांदा कार्ड काउंटरवर ठेवलं तेव्हा तिथल्या पोरीने ते उचललं, मशीनला लावलं आणि परत देताना माझ्या नवऱ्याच्या हातात दिलं.

"थँक यू सर. तुम्ही होतात म्हणून आम्ही निवांत झोपतो."

सर पिशवीत कांदे भरत होते.

"अगं बाळा, कार्ड माझं आहे," मी म्हटलं.

ती गोड हसली. "हो काकू, फॅमिलीलाही चालतं."

मी हसण्यावारी नेलं. कार्डावर फोटो नसतो. आडनाव, हुद्दा आणि नंबर, बस. आणि हुद्दा वाचून कोणाच्या डोळ्यांपुढे बाई येत नाही, मग कितीही ताठ उभी राहा. पुढच्या वेळी दुसरी पोरगी, तेच. त्याच्या पुढच्या वेळी मी मुद्दाम त्याला बाहेर उभं केलं, तर काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "साहेब नाही आले आज?" मी सांगून सांगून थकले. माणूस थकतो तेव्हाच नेमकं त्याच्या डोक्यावरून पाणी जातं.

त्या दुकानात एक पद्धत आहे. अधूनमधून एका फौजी गिऱ्हाईकाला निवडायचं, त्याचा फोटो काढायचा, फ्रेम करून भिंतीवर लावायचा. म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला वाटावं, दुकान किती देशभक्त आहे. माझे गुडघे सुजले होते म्हणून नवरा एकटाच कार्ड घेऊन सामानाला गेला होता. आला तो शीळ घालत. मला वाटलं साबण स्वस्त मिळाला.

खरं काय ते नणंदेच्या फोनवरून कळलं.

"वहिनी, अगं दादाचा फोटो बघितलास का? मी तर त्याच्या शेजारी उभी राहून सेल्फी काढला."

"तुझा दादा कुठल्या लढाईवर गेला होता?"

"आता तू पण ना. दिसतो किती रुबाबदार, ते बघ की."

"लहानपणापासून ओळखतेस ना त्याला? फटाक्याला कान झाकणारा माणूस."

"तेच तर. चारचौघांत त्याला कधी कोणी विचारलं नाही गं. मिळू दे ना थोडं. तुझं काय जातं?"

माझं काय जातं. हा प्रश्न पुढे मला इतक्या तोंडांतून ऐकायला मिळाला, की वाटलं गावभर कोणी वाटला आहे की काय.

घरी त्याला धरलं. तो मशीनवरून उठलाच नाही, सुईत दोरा ओवत राहिला.

"अगं, ती पोरगी घाईत होती. कॅमेरा घेऊन आली, इकडे बघा म्हणाली, बघितलं."

"तोंड नव्हतं? बायकोचं कार्ड आहे म्हणायला?"

"म्हणणार होतो. मागे रांग केवढी होती."

"उद्या जाऊन सांग."

"सांगतो."

सांगतो म्हणाला आणि नाही सांगितलं. उलट चालणं बदललं. खांदे मागे, हनुवटी वर. रस्त्यात लोक नमस्कार करायला लागले, तर हा मान तुकवायचा, अगदी हळू, दमलेल्या सेनापतीसारखा. पाव आणायला बेकरीत गेला की तासभर, केस कापायला सलूनमध्ये गेला की जेवायच्या वेळेपर्यंत परत नाही. मी म्हणायचे, डोक्यावर आहे किती आणि कापतो काय हा एवढा वेळ.

शेवटी गुडघ्यांना पट्टे बांधले आणि त्याला हाताला धरून दुकानात नेलं. मॅनेजर तिशीतला, दाढी कोरलेला, बोलणं लोण्यासारखं. नवऱ्याला बघून त्याने आधी सलाम ठोकला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तो फोटो काढा," मी म्हटलं. "फौजेत मी होते. हे शिंपी आहेत."

मॅनेजरने नवऱ्याकडे बघितलं. नवरा बिस्किटांच्या पुड्यांकडे बघत होता.

"मॅडम, काहीतरी घोटाळा झाला असेल, मान्य. पण सूट तर तुमच्याच घरात येते ना? मग फरक काय पडतो?"

"तुमच्या पगाराच्या पावतीवर शेजाऱ्याचं नाव घातलं तर चालेल?"

"तसं नाही हो. फ्रेम झाली, खाली माहिती छापली, लोकांना आवडली. सरांची गोष्ट वाचून एक आजी इथे उभ्या राहून रडल्या."

"कुठली गोष्ट?"

फोटोखाली बारीक अक्षरं होती. चष्म्याशिवाय मला ती वाचता येत नव्हती. मॅनेजरनेच कौतुकाने वाचून दाखवली. घाटातला रस्ता, सुरुंग, पेटलेला ट्रक, आत अडकलेला ड्रायव्हर. आणि आमच्या शूर सैनिकाने हातात पहार घेऊन, ज्वाळांची पर्वा न करता, दार तोडून आपल्या मित्राला सुखरूप बाहेर काढलं.



तो ट्रक माझ्या पुढे होता. ड्रायव्हरला आम्ही लंबू म्हणायचो. दार आत चेपलं होतं, मी पहार घातली, पहार वाकली, दार हललं नाही. तो आतून माझ्याशी बोलत होता. शेवटचं बोलला ते, "सरक बाजूला, भाजशील." हे मी आयुष्यात एकदाच एका माणसाला सांगितलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, स्वयंपाकघरात, पातेलं खाली उतरवून ठेवून. त्या माणसाने ते सलूनमध्ये सांगितलं, बेकरीत सांगितलं, या कोरलेल्या दाढीला सांगितलं. आणि त्याच्या गोष्टीत लंबू वाचतो.

"घरी बोलू," नवरा पुटपुटला.

मी पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढला. तो माझ्याकडे कायम असतो, काही बायकांकडे कंगवा असतो तसा. फ्रेम चार कोपऱ्यांत स्क्रूने बसवलेली होती. मी एकेक स्क्रू सोडवायला लागले. मॅनेजरने गार्डला हाक मारली. गार्ड आला, माझ्याकडे बघितलं, माझ्या हाताकडे बघितलं, आणि म्हणाला, "सर, मी यांना हात लावणार नाही. काय ते तुम्हीच बघा."

"मॅडम, ही दुकानाची मालमत्ता आहे."

"फ्रेम तुमची. स्क्रू तुमचे. घ्या." मी चारही स्क्रू त्याच्या तळहातावर ठेवले. फोटो काढून घेतला, रिकामी फ्रेम त्याच्या काखेत दिली.

रांगेतला एक माणूस म्हणाला, "बाई, खरंच तुम्ही होतात तर सांगा की. काय झालं होतं तिथे? आम्हाला पण कळू दे."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला दिसलं, त्यांना ऐकायचंच होतं. मी सांगितलं असतं तर टाळ्या मिळाल्या असत्या, उद्या माझा फोटो लागला असता, आणि एखाद्या आजी पुन्हा रडल्या असत्या. लंबूच्या जळण्यावर दुकानाचं तेल-साबण खपलं असतं.

"सांगणार नाही," मी म्हटलं. "हे दुकान आहे."

मग सामान घेतलं, रांगेत उभी राहिले आणि कार्ड काढलं. मॅनेजरला वाटलं असावं, एवढं झाल्यावर मी सूट नाकारीन, स्वाभिमान वगैरे. का नाकारू? गुडघे मी दिलेत.

बाहेर पडल्यावर नवरा माझ्या पुढे चालायला लागला. मग कोपऱ्यावर थांबला.

"मी त्याला वाचवलं ना गं गोष्टीत. वाईट काय केलं? तू झोपेत त्याला हाका मारतेस. शेजारी मी असतो. इतकी वर्षं ऐकतोय. वाटलं, एकदा तरी त्याला बाहेर काढावं कोणीतरी."

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आलं नाही. मी त्याची कॉलर धरली, त्यानेच शिवलेली.

"त्याला काढायला मी तिथे होते. दार उघडलं नाही. ते न उघडलेलं दार माझं आहे, त्याचं आहे. तू ते उघडून लोकांना दाखवत फिरलास. आता बंद कर."

"म्हणजे?"

"जिथे जिथे सांगितलंस तिथे जायचं आणि खरं सांगायचं. आत्ता. माझ्यासमोर."

"अगं, लोक हसतील मला."

"हसू दे."

सलूनवाला एकाच्या तोंडाला फेस लावत होता. बाकावर दोघं वर्तमानपत्र वाचत बसले होते. नवऱ्याला बघून सगळे सरकले, जागा केली. "या साहेब, बसा." तो बसला नाही. मी दारात उभी राहिले, पिशवी दोन्ही हातांत.

"ती गोष्ट," तो म्हणाला. "मी सांगितली होती ना ट्रकची."

"हो, काय अंगावर काटा आला होता," सलूनवाला म्हणाला.

"ती माझी नाही. हिची आहे. मी कधी फौजेत नव्हतो."

"मोठ्याने बोल," मी म्हटलं. "तिकडच्या कोपऱ्यातल्याला ऐकू गेलं नाही."

त्याने पुन्हा सांगितलं, मोठ्याने, आणि त्याचा आवाज मध्येच फाटला. सलूनवाल्याचा ब्रश हवेत राहिला. बाकावरचा एक जण हसायला लागला, मग माझ्याकडे बघून थांबला.

"आणि तो ड्रायव्हर?" सलूनवाल्याने विचारलं. "तो तरी वाचला ना?"

नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. मी काही मदत केली नाही.

"नाही," तो म्हणाला. "तो आतच राहिला."

फेस लावलेला माणूस खुर्चीत वळून माझ्याकडे बघत होता. कोणीतरी म्हणालं, "वहिनी, आत या, बसा ना." पण माझा राग अजून तसाच होता, तिळभर खाली आला नव्हता, आणि बसले असते तर गुडघ्यांनी मला परत उठू दिलं नसतं.

"चल," मी नवऱ्याला म्हटलं. "बेकरी बंद होईल."