खिशातला टॉर्च

वर्कशॉपच्या दाराच्या खिळ्याला टोपी टांगलेली होती, म्हणजे आत जायचं नव्हतं. तरी मी गेलो.

प्रिंटरच्या मागची वायर निसटली होती, टेबलाखाली अंधार होता आणि मॅनेजर कुमारसाहेब केबिनमधून हाकांवर हाका मारत होते. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, क्लबात नेमबाजीची स्पर्धा होती. रियाधहून पाहुणे यायचे होते आणि त्यांच्या नावांची यादी छापायची राहिली होती. सगळ्या क्लबात धड चालणारा टॉर्च एकच, आणि तो वर्कशॉपमध्ये भिकूअण्णांच्या उजव्या हाताला खिळ्यावर लटकत असायचा.

अण्णा ठोकळ्यावर वाकले होते. पन्नास भोकांचा लाकडी ठोकळा आणि प्रत्येक भोकात रिव्हॉल्वरच्या काडतुसाचं एकेक रिकामं पितळी नळकांडं. शेजारी बंदुकीच्या दारूचं माप. मी हळूच टॉर्च काढला. त्यांनी वर पाहिलं नाही. तेवढ्यावर बाहेर पडलो असतो तर सांगण्यासारखं काही घडलंच नसतं. पण माझ्या तोंडात बातमी होती आणि बातमी तोंडात धरून ठेवायची मला सवय नाही.

"अण्णा, तुमच्या इकाम्याचा विषय निघाला होता सकाळी. कुमारसाहेब म्हणतात, साठीच्या माणसाचा राहायचा परवाना रिन्यू कशाला करायचा? कारखान्यातली तयार काडतुसं आणू आणि हे वर्कशॉपच बंद करू."

मापावरचा हात थांबला.

"मालक काय बोल्ले?"

"बघू म्हणाले. स्पर्धा होऊन जाऊ दे, मग ठरवू."

"बरं," अण्णा म्हणाले. "आता जा तू. टोपी हाय दाराला."

मी गेलो, वायर लावली, यादी छापली. टॉर्च टेबलावर राहिला आणि त्याच्यावर कागद पडत गेले.

आमचा क्लब हाइल शहराच्या बाहेर, जुन्या गव्हाच्या शेतांना लागून आहे. मालक अबू सुलतान यांनी गहू आटोपता घेतला आणि रीतसर परवाना काढून हा क्लब उभा केला. त्यांना रिव्हॉल्वरने कागदाच्या निशाणावर नेम धरायचा छंद. तयार काडतूस हाताला फार धक्का देतं, अशी त्यांची जुनी तक्रार. म्हणून उडालेल्या काडतुसांची नळकांडी गोळा करून ती हाताने पुन्हा भरायची, सौम्य आणि सारखी, आणि तेवढ्यासाठी एक माणूस ठेवायचा.

तो माणूस म्हणजे भिकू पाष्टे. गुहागर तालुक्यातले. आधी सौदीतच राबिघला पंप फिटर, मग मालकांच्या शेतावरचे पंप सांभाळायला हाइलला आले. पंप थंडावल्यावर क्लबातल्या एका फिलिपिनो कारागिराने जाता जाता आपलं काम त्यांना शिकवलं. त्याला बारा वर्षं झाली होती. सौदीत राहून दिवसभर दारूत हात घालून बसणारा एकमेव माणूस, असा विनोद कामगारांच्या कॅम्पात त्यांच्यावर नेहमी व्हायचा. अण्णा त्याला हसायचे नाहीत आणि रागवायचेही नाहीत.

काम दिसायला सोपं. नळकांडं पुसायचं, बुडातली जळकी टिकली काढून नवी बसवायची, दारू घालायची, वर शिसं, म्हणजे गोळी, दाबायचं. गोम दारूत आहे. ती इतकी थोडी लागते की नळकांडं अर्धंसुद्धा भरत नाही. चुकून एकाच नळकांड्यात दोनदा घातली तरी ती बाहेर सांडत नाही, आणि वर शिसं बसलं की पाहणाऱ्याला काही कळत नाही. कळतं ते घोडा ओढल्यावर. तेव्हा रिव्हॉल्वर फुटलेलं असतं आणि हातही. म्हणून अण्णांचे दोन नियम होते. ठोकळा भरला की टॉर्च घेऊन ओळीओळीने प्रत्येक नळकांड्यात डोकावायचं, मगच शिसं. आणि मध्ये कुणी बोललं की सगळी दारू परत डब्यात ओतून पहिल्यापासून सुरुवात करायची. दारावरची टोपी त्यासाठी. एकदा खुद्द मालक त्या टोपीपुढे वीस मिनिटं उन्हात उभे राहिले होते आणि नंतर चारचौघांत त्यांनी अण्णांचं कौतुक केलं होतं.

अण्णांना आणखी दोन वर्षं हवी होती. मुलीचं, किशोरीचं नर्सिंग तेवढ्यात पुरं होणार होतं. "मग मीच सांगनार मालकांना, चाललो म्हनून," ते मला म्हणाले होते. "त्यांनी जा बोलायच्या आदी." गावी बायकोला, सत्यभामाकाकूंना, त्यांनी तसं कळवूनही टाकलं होतं.

शुक्रवारी नमाज आणि जेवणं उरकून चार वाजता स्पर्धा सुरू झाली. मी टेबल आवरायला घेतलं आणि कागदांखाली टॉर्च सापडला. तो घेऊन वर्कशॉपमध्ये गेलो. काम बंद होतं, टोपी अण्णांच्या डोक्यावर होती आणि ते बाक पुसत होते.

"अण्णा, तुमचा टॉर्च. काल द्यायचा राहिला."

त्यांनी टॉर्चकडे पाहिलं, मग रिकाम्या खिळ्याकडे.

"हा कदीपासून तुज्याकडं?"

"काल मी नेला नाही का? इकाम्याचं बोललो तेव्हा."

अण्णांनी न बघता उजवा हात वर नेला. तो खिळ्यापाशी गेला, हवेत मिटला आणि खाली आला.

"कालपन असाच गेला व्हता हात," ते म्हणाले. "हाताला काय लागलं नाय. डोस्क्यात तुजी बातमी. मग मी सरळ शिसं बसवायला घेतलं."

"म्हणजे आत पाहिलंच नाहीत?"

"पायलं नाय. आनि तू बोल्लास तवा ठोकळापन ओतला नाय."

"कुठला ठोकळा तो?"

"चार केले काल. टॉर्च चारींना नव्हता. दोनशे काडतुसं, एकाच खोक्यातनं लाइनीवर गेली."

बाहेर नेमबाजांच्या लाइनीवरून गोळ्यांचे आवाज येत होते. मी दार लोटून घेतलं.

"अण्णा, डबल भरलं गेलंच असेल कशावरून? बारा वर्षांत एकदा तरी झालंय का?"

"बारा वर्सं टॉर्च व्हता."

"आज तोंड उघडलंत तर कुमारसाहेबांना आयतंच सापडेल. पाहुण्यांसमोर! तासाभराचा प्रश्न आहे. होऊन जाऊ दे."

हे मी त्यांच्या भल्यासाठी बोललो, असं तेव्हा मला मनापासून वाटलं. माझी बायको ममता हिच्या व्हिसाची फाइल त्या आठवड्यात कुमारसाहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडली होती, हेही तेव्हा मला आठवत होतंच.

अण्णांनी फडकं बाकावर ठेवलं आणि ते चालू लागले. मी टॉर्च खिशात टाकून मागे धावलो.

बारा वर्षांत ते लाइनीवर कधी गेले नव्हते. तिथे मालकांची मुलगी सादिया उभी होती. ती गावात दातांची डॉक्टर आहे आणि बापापेक्षा तिचा नेम बरा आहे. सगळ्यांच्या कानांवर जाड कर्णपट्ट्या, त्यामुळे हाक मारून उपयोग नव्हता. अण्णा नेमबाजांच्या मागून चालत थेट मधोमध आले आणि दोन्ही हात वर करून ओरडले, "खलास! खलास! कोई मत चलाओ!"

शिट्टी वाजली. रिव्हॉल्वरं खाली ठेवली गेली. अण्णांनी प्रत्येकाच्या समोरून काडतुसांचे डबे उचलले, सादियाच्या रिव्हॉल्वरमधली काडतुसंसुद्धा तिला काढून द्यायला लावली. मग मालकांपुढे जाऊन मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं, की काल आपण आत पाहिलेलं नाही आणि ही काडतुसं आपल्याला खात्रीची वाटत नाहीत.

चाळीसेक काडतुसं उडून गेली होती, ती अर्थात ठीक होती. उरलेली उघडायची ठरली. त्यासाठी पोकळ डोक्याचा एक प्लास्टिकचा हातोडा असतो, त्यात काडतूस अडकवून आपटलं की शिसं सुटून येतं. सावलीत टेबल मांडलं. अण्णा एकेक काडतूस उघडत, दारू काट्यावर ओतत, आकडा पाहत आणि बाजूला सारत. पाहुण्यांनी गहवा, म्हणजे अरबी कॉफी, घेतला, खजूर खाल्ले, घड्याळं पाहिली. साठ काडतुसं झाली तेव्हा एकजण हसला. शंभर झाली तेव्हा ते उठले आणि मालकांचा निरोप घेऊन रियाधच्या रस्त्याला लागले. मालक गाडीपर्यंत जाऊन आले आणि पुन्हा त्याच खुर्चीवर बसले.

शेवटचं काडतूस उघडलं. तेही बरोबर निघालं.

"दो सौ में एक भी खराब नहीं," कुमारसाहेब म्हणाले. "और तुमने मैच रुकवा दिया?"

अण्णांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि डोळे मिटले. "बरं झालं रं व्याडेश्वरा," ते म्हणाले. "लय बरं झालं."

मला त्यांचा भयंकर राग आला. यात बरं काय झालं होतं, ते मला कळेना.

मालकांनी खुर्ची पुढे ओढली. आवाज चढवला नव्हता. टॉर्चने का पाहिलं नाहीस, असं त्यांनी विचारलं.

"अना नसीत," अण्णा म्हणाले. मी विसरलो.

"कुणी आत आलं होतं का?"

"नाही."

"टोपी दाराला होती?"

"होती. कुणी आलं नाही."

मालकांनी तोच प्रश्न शब्द बदलून पुन्हा विचारला. त्यांना एक नाव हवं होतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. नाव मिळालं असतं तर चूक त्या माणसाची ठरली असती आणि अण्णा मोठा अपघात टाळणारे ठरले असते. ते अण्णांना ठेवून घ्यायला कारण शोधत होते. टॉर्च माझ्या उजव्या खिशात होता आणि माझा हात त्याच्यावर होता. दोन पावलं पुढे होऊन तो टेबलावर ठेवायचा, एवढंच काम होतं. अण्णांनी माझ्याकडे एकदाही पाहिलं नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो. असं म्हणायला आता सोपं आहे. तेव्हा मी बोललो नाही.

"जो भूल जाता है, वो ये काम कैसे करेगा?" कुमारसाहेबांनी विचारलं, आणि तेच मालकांना अरबीत सांगितलं.

काढलेल्या दारूची वाटी मालकांनी बाजूला सारली. मग म्हणाले, "सह." बरोबर आहे. अण्णांनीही मान हलवली.

सगळे गेल्यावर मी वर्कशॉपमध्ये जाऊन टॉर्च खिळ्याला अडकवला. दुसऱ्या दिवशी अण्णांनी तो पाहिला आणि ते पोतं उघडू लागले. शेवटी मीच विचारलं, "माझं नाव का नाही घेतलंत?"

ते पितळेची नळकांडी पोत्यात भरत होते.

"ममताचा कागद कुटवर आला?" त्यांनी विचारलं.

"सही झाली."

"मग झालं तर." पोतं बांधता बांधता म्हणाले, "मॅनेजर काय खोटं बोल्ला नाय. तू मदी बोल्लास, पन ठोकळा ओतायचा तो मीच ना? माजा हात रिकामा आला आनि मला कळलं नाय. ता तुजं नाय, माजंच."

तीन आठवड्यांनी त्यांना कायमचं परत पाठवायचे, फायनल एक्झिटचे कागद झाले. ते मीच छापले. प्रिंटर त्या दिवशी अगदी सुरळीत चालला. जाण्याच्या आदल्या दुपारी सादिया आली होती. दाराला टोपी नव्हती, काम तर कधीच बंद झालं होतं, तरी ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. अण्णांचं लक्ष जाऊन त्यांनी बोलावेपर्यंत तिने आत पाऊल टाकलं नाही.

विमानतळावर मी सोडायला गेलो. किशोरीच्या उरलेल्या दोन वर्षांचं काय, हे मला विचारायचं होतं, पण कुठल्या तोंडाने विचारणार? अण्णाच म्हणाले, गुहागरात एकाचं पंपाचं दुकान आहे, तिथं बसेन. मग त्यांनी बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात हात घातला आणि टॉर्च काढून माझ्यापुढे धरला.

"घे. मालकांना इचारून घेतलाय. तुज्या प्रिंटरच्या मागं काळोख असतो."

त्यांच्या चेहऱ्यावर टोमणा शोधला. नव्हता. काळोख असतो, म्हणून ते देत होते. मला खाली कुठेतरी बघावंसं वाटलं, म्हणून मी त्यांच्या बॅगेचं चाक बघत राहिलो.

त्यांनी टोपी नीट बसवली आणि पासपोर्ट हातात घेऊन रांगेला लागले. मी गाडीत येऊन बसलो आणि बटण दाबून पाहिलं. त्यांनी सेल नवे घातले होते.