रिकामी सायकल

आमचा सुमेध म्हणजे एक नंबरचा कंजूस. माझा शेजारी, मानलेला दीर, घरात एकटाच. त्याच्या सायकलला कोणी नुसता हात लावला तरी हा फडकं घेऊन पुसत बसायचा. अशा माणसाने एका सकाळी कुकर मला देऊन टाकला, निळं जॅकेट शेजारच्या केतनला आणि सायकल चक्क गल्लीच्या कोपऱ्यावरच्या जयवंता आजीला. आजीला सायकल चालवताही येत नाही!

बोरगावातली आमची बुद्धविहारामागची गल्ली खुशीत आली. नागपूरहून परतल्यापासून सुमेध मिटून गेला होता. तिथे काम सुटलं, आडनाव ऐकून घरमालक खोली नाकारायचे. इथे आल्यावर धड जेवण नाही, झोप नाही. आज मात्र तो हसत होता. "पोरगं सुधरलं व माय," म्हणत आजी घंटी वाजवत बसली.

मीही नाचतच घरी आले. कुकरची शिटी लावता लावता मात्र थबकले. बचत गटात नर्सताई म्हणाल्या होत्या, खचलेला माणूस अचानक खुशीत येऊन आवडीच्या वस्तू वाटू लागला तर सरळ विचारा. विचारल्याने डोक्यात नसलेलं शिरत नाही. तशीच धावले.

"सुमेध, मरायचा विचार करून राहिला का तू?"

तो हसायला गेला, जमलं नाही. "हो वहिनी. थकलो मी."

मला रडू आलं आणि भयंकर रागही आला. "चाल, आताच्या आता सौंसरच्या दवाखान्यात. मी तुले सोडत नाई. गल्लीत सांगू का?"

"सांग. मले एकट्याले नाई पेलवून राहिलं."

डॉक्टरांनी शांतपणे सगळं ऐकलं, औषध दिलं, पुन्हा बोलावलं आणि याला एकटं ठेवू नका म्हणून बजावलं.

आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत देत नाहीत. संध्याकाळी मी कुकर वरणाने भरून नेला. केतनने जॅकेटच्या खिशांत इतकी संत्री कोंबली की जॅकेटला पोट सुटलं. तेवढ्यात घंटी वाजली. गल्लीतले रोशनभाऊ घामाघूम होऊन सायकल ढकलत होते आणि कॅरिअरवर जयवंता आजी, मांडीवर उशी नि वाकळ घेऊन!

"आजी, हे काय?" सुमेधने विचारलं.

"रिकामी सायकल कशी देऊ बाप्पा? मीच आली. आज मी झोपतो इथं, उद्या रोशन येईन. घोरतो मी, आधीच सांगून ठेवतो."

सुमेध खो खो हसला आणि हसता हसता ढसाढसा रडला. आजीने त्याला पोटाशी धरलं. कोणी गप्प बस म्हटलं नाही.

मग नाक पुसत तो उठला, फडकं शोधून आणलं आणि सायकलवरचे रोशनभाऊंच्या हाताचे डाग पुसू लागला.

"हात धुऊन धरायची ना, भाऊ," तो कुरकुरला.

त्या कंजुसाची कुरकुर ऐकून मला इतका आनंद झाला की मीच घंटी वाजवत सुटले.