जिन्यात काढलेला फोटो

मित्रांनो, माझ्या पोटात रोल घालावा लागतो, एवढे सांगितले की माझे वय तुम्हांला कळेल. मी एक जुना कॅमेरा आहे. बेळगावहून बेंगळुरूला आलेल्या आप्पाजींनी मल्लेश्वरममध्ये स्टुडिओ काढला, तेव्हा मला विकत घेतले. किती बारशी, किती लग्ने मी पाहिली! मग फोन आले, स्टुडिओ बंद झाला आणि मी वीस वर्षे कपाटात डांबराच्या गोळ्यांजवळ पडून राहिलो.

मला बाहेर काढले श्यामलाने. ती मॉरिशसची. तिचे खापरपणजोबा कोकणातून तिकडे गेलेले. ती इथे शिकायला आली आणि आप्पाजींच्या वरच्या खोलीत भाड्याने राहू लागली. कॉलेजात तिला स्वतःविषयी बारा फोटो द्यायचे होते. नाही दिले तर वर्ष वाया.

मुलगी जिद्दीची. दाराबाहेरची एकच चप्पलजोडी, आईशी बोलता बोलता गार झालेला चहा, असे ती टिपत गेली. एकटेपणा दाखवायला तिला रडका चेहरा लागला नाही. अशी नजर मी आप्पाजींनंतर तिच्यातच पाहिली.

बत्तीस फोटो झाले आणि तिला राहवेना. कसे आलेत ते पाहायला तिने माझे मागचे झाकणच उघडले!

"अगं, हा फोन नव्हे! झाक, झाक लवकर!" आप्पाजी ओरडले. उजेड लागला की रोल जळतो.

ती जिन्यातच बसली. "संपलं. तिकडे मी मराठी, इथे मी परदेशी. तेवढं तरी दाखवणार होते."

"आम्हालाही साठ वर्षं विचारतात, कुठले तुम्ही? मी सांगतो, याच गल्लीतले, आठवा क्रॉस," आप्पाजी म्हणाले. "रडू नको. आतल्या गुंडाळीतले थोडे वाचतील. शिवाय चार बाकी आहेत."

त्यांची सून शालन तिथेच उभी होती. "एवढे काढलेस, त्यात तू कुठं आहेस ग?"

"मी काढणारी, अक्का."

"सरी, बरं. मग दे इकडं. स्वल्प हस... नको, आहेस तशीच बस."

शालनने मला वाकडे धरले, श्वास रोखला आणि चारही फोटो काढले.

रोल धुतल्यावर आतले नऊ वाचले. त्यांच्या कडा पांढऱ्या पडल्या होत्या. शालनच्या चारांपैकी एकात तिचे बोट आले. तरी बारा भरले. कॉलेजात फोटो भिंतीवर लागले, तेव्हा मी श्यामलाच्या गळ्यात होतो. जिन्यातल्या त्या लाल डोळ्यांच्या मुलीसमोर लोक सर्वांत जास्त वेळ थांबले. खाली तिने फक्त स्वतःचे नाव लिहिले होते.

मित्रांनो, माझे झाकण घाईने उघडू नका, मला ओलीत ठेवू नका. आणि तुमच्या घरी सगळ्यांचे फोटो काढणारे जे कोणी असेल, त्याच्या हातातून मला एकदा मागून घ्या.