निळ्या रेघांचे शर्ट

"उजेडात धरून काय बघतेस मावशी? कार्ड आहे ते, एक्स-रे नाही," भाचा हसत म्हणाला आणि खोक्याला दोरी बांधू लागला.

मावशी हसली नाही. तिने दुसरे कार्ड उचलून खिडकीशी नेले. मग तिसरे. तीस वर्षे ती जुन्या कपड्यांचा कागद करत आली होती. चिंध्या कुटायच्या, लगदा हौदातल्या पाण्यात कालवायचा, जाळीच्या चौकटीवर उचलायचा, दाबायचा, दोरीवर वाळत घालायचा. तिचा कागद उजेडात धरला की भरून आलेल्या आभाळासारखा दिसे, कुठे दाट, कुठे विरळ. हातातले कार्ड मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखे होते. कडा ओबडधोबड होत्या खऱ्या, पण त्या पट्टी लावून फाडलेल्या. आणि निळा धागा एकाही कार्डात नव्हता.

"हा माझा कागद नाही," ती म्हणाली.

गाठ मारता मारता भाच्याचे हात थांबले. तेवढ्यावरूनच तिला कळायचे ते कळले. तरीही आता हा काहीतरी थाप मारेल आणि आपण ती खरी मानू, अशी तिला क्षणभर आशा वाटली.

आई गेल्यापासून तो तिच्याच घरी वाढला होता. त्याला फोटोंचे वेड, हिला कागदाचे. फोटो छापून कागदावर डकवायचे आणि त्यांची शुभेच्छापत्रे करायची, ही कल्पना त्याचीच. प्रत्येक कार्डाच्या मागे मावशीच्या ओल्या हातांचा छोटासा फोटो असे आणि त्याखाली लिहिलेले असे: 'हा कागद हाताने केला आहे. कुणी आपण होऊन दिलेल्या जुन्या सुती कपड्यांचा. यासाठी एकही झाड पडलेले नाही.'

आपल्याबद्दल काय लिहिले आहे ते आपल्याला वाचता यावे, म्हणून मावशी साठी उलटल्यावर अक्षरे शिकली. पलीकडच्या गल्लीतल्या, शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी शिकवली. पुस्तक नाही, पाटी नाही, ते कार्डच पुढ्यात ठेवले. 'झाड' हा तिने स्वतःचा स्वतः वाचलेला पहिला शब्द. ज्या दिवशी तिने सगळे न अडखळता वाचले, त्या दिवशी बाईंचे यजमान आतल्या खोलीतून ओरडले होते, "पास! वरच्या वर्गात घाला तिला!" तेही मास्तरच. त्यांना सगळे सर म्हणत.

गेल्या वर्षी सर गेले. दोन महिन्यांपूर्वी बाई त्यांच्या शर्टांचे गाठोडे घेऊन आल्या. सगळे शर्ट एकाच तऱ्हेचे, पांढऱ्यावर निळ्या रेघा.

"लोक विचारायचे, सर, अख्खं ठाणच उचललंत का?" बाई म्हणाल्या होत्या. "याचा कागद कर गं. वर त्यांचा सायकलवाला फोटो लावा. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठवायचाय. मी तर कळवूनही टाकलं सगळ्यांना, की सरांचा शर्टच येतोय म्हणून."

मावशीने बटणे काढली, शिवणी उसवल्या. निळे धागे दिसावेत म्हणून लगदा एरवीपेक्षा कमी कुटला. असा कागद तिच्या हातून त्याआधी उतरला नव्हता. ही कार्डे करायला तो तिने स्वतः भाच्याच्या हातात दिला.

"कुठे आहेत ते कागद?" तिने आता विचारले.

"मावशी, मागचं छापताना तुझा कागद मशीनमध्ये अडकतो. शाई पसरते. तुला सांगितलं असतं तर वाईट वाटलं असतं."

"मी काय विचारतेय? सरांच्या शर्टांचे कागद कुठे आहेत?"

भाचा खोक्यावर टेकला. "त्या मोठ्या दुकानाला नमुना हवा होता. तुझे नेहमीचे दाखवले तर म्हणाले, साधे वाटतात. निळे धागे बघितले आणि जाम खूश झाले. कापून सगळ्या शाखांना दाखवायला पाठवले त्यांनी. आता हजारांनी कार्डं मागतायत. एवढा कागद तू सात जन्मांत तरी करशील का?"

"कापले?"

"तुकडे गं ते. परत आणून तरी काय करणार?"

"आणि मागचं लिहिलेलं?"

"ते असू दे की. फोटोत हात तुझेच आहेत ना? मग खोटं काय त्यात?" मग तो जरा मऊ आवाजात म्हणाला, "बाईंना आता दिसतं तरी कुठे? तू बोलली नाहीस तर कुणाला कळणारेय?"

मावशीने कार्ड पिशवीत टाकले. "लहानपणी कप फोडलास तरी आपणहून येऊन सांगायचास. तेव्हा मला घाबरायचास. आता माझी कीव करतोस, असं दिसतंय."

फळीवरचा एक पत्र्याचा डबाही तिने पिशवीत घेतला आणि चपला घातल्या.

बाई खिडकीजवळच्या खुर्चीत होत्या. त्यांना आता उजेड आणि सावली एवढेच कळे. कार्ड हातात येताच त्यांचे तोंड फुलले.

"सायकल कुठेय?"

मावशीने त्यांचे बोट फोटोवर टेकवले.

"आणि कागद किती गुळगुळीत! खळ घातलेला कडक शर्ट लागायचा हो त्यांना. बघ, शेवटी कसे नरम आले!" बाई स्वतःच्याच विनोदावर हसल्या. "आता मागचं वाच. तुझ्या तोंडून ऐकायचंय."

मावशीला ते पाठ होते. डोळे मिटूनही तिने म्हटले असते.

"हा कागद..." ती थांबली.

"अडलीस? अगं, सोपा शब्द आहे. ह ला काना, मग..."

"शब्द येतो बाई. वाचवत नाही. खोटं लिहिलंय ते."

मग तिने सगळे सांगितले. भाच्याला पाठीशी घातले नाही, शिव्याही दिल्या नाहीत. "कागद मी केला होता. दिला पण मीच," एवढे दोनदा म्हणाली.

बाईंनी कार्ड मांडीवर पालथे ठेवले.

"म्हणजे सरांचं काहीच उरलं नाही त्यातलं?"

मावशीने डबा उघडला. "कपडा कुटायच्या आधी बटणं काढून ठेवावी लागतात," ती म्हणाली आणि बटणे त्यांच्या ओंजळीत ओतली.

बाईंची बोटे त्यांतून फिरत राहिली. एका बटणावर थांबली. ते इतरांपेक्षा मोठे होते.

"हे मी लावलेलं. शाळेची तपासणी होती, यांची घाई चाललेली. जुळणारं बटण मिळेना, पांढरा दोरा सापडेना. तर म्हणतात कसे, लावा हो, कुणाला दिसतंय!" त्यांनी बटण पुढे केले. "निळ्या दोऱ्याने लावलं होतं मी. बघ बरं, आहे का अजून?"

मावशीने बटण खिडकीशी नेले आणि उजेडात धरले. छिद्रांत दोऱ्याचा एवढासा तुकडा अडकला होता.

"आहे बाई," ती म्हणाली. "निळाच आहे."