चाकं जमिनीला टेकल्यावर

“गंजलेल्या बोल्टशी भांडायचं नाही, सूनबाई. त्याला तेल पाजायचं, आपण चहा प्यायचा, आणि मग पुन्हा गोडीत विचारायचं, काय रे बाबा, येतोस का बाहेर?”

मामंजींना जाऊन तीन वर्षं झाली, पण पाना हातात घेतला की त्यांचा आवाज सूनबाईच्या कानाशी हजर व्हायचा. जन्मभर त्यांनी लोकांच्या गाड्या दुरुस्त केल्या आणि स्वतःसाठी एकच घेतली, ही निळी पिकअप. आता ती सूनबाई चालवत होती. रोज सकाळी पाण्याचे जार भरायचे आणि दुकानांना, ऑफिसांना पोचवायचे, हा तिचा धंदा. गल्लीत तिला सगळे सूनबाईच म्हणत. समोरचा किराणावाला तिच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा, त्याचीही ती सूनबाईच.

आज मात्र जारांना सुट्टी होती. आज नणंदबाईंना घरी आणायचं होतं.

सहा आठवड्यांपूर्वी नणंदबाई जिन्यावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडून बसल्या. ऑपरेशन झालं, हाड जुळलं, काठी घेऊन चार पावलं पडू लागली. घरी सोडताना डॉक्टरांनी दोन अटी घातल्या. बुटक्या सीटवर बसायचं नाही आणि धक्का बसू द्यायचा नाही. पहिली अट पिकअपच्या पथ्यावरच पडली, तिची सीट चांगली उंच. घोडं पेंड खात होतं ते दुसऱ्या अटीपाशी.

दोन महिने झाले, गाडीचं मागचं अंग प्रत्येक खड्ड्याला खडाक् करून ओरडत होतं. मागच्या चाकांवर भार पेलायला पोलादी पाटे असतात. त्या पाट्याचं मागचं टोक गाडीच्या सांगाड्याला ज्या लोखंडी पट्ट्यांच्या झोपाळ्याने टांगलेलं असतं, ते शॅकल. खड्डा आला की पाटा लांबतो, झोपाळा हलतो आणि बसलेल्या माणसाला खड्डा कळतच नाही. हे झोपाळेच झिजले होते.

नणंदबाई मेकॅनिकच्या लेक. काल सूनबाई गाडीत असताना दवाखान्यातून त्यांचा फोन आला, आणि त्यांनी तर तेवढ्यावरूनच ते ओळखलं होतं.

“वहिनी, मागची शॅकलं गेलीत गं. इथे पलंगावर ऐकू येतंय मला.”

“आहे माझ्या लक्षात, ताई.”

“मी येईन तर बाबांच्याच गाडीतून येईन. पण त्या खुळखुळ्यात बसले तर उरलेला खुबाही डॉक्टरांना देऊन टाकावा लागेल!”

सूनबाई हसली. पलीकडे मात्र हसू मध्येच विझलं आणि आवाज एकदम लहान झाला. “खरं सांगू? मला फार भीती वाटते गं धक्क्याची. रात्री कूस बदलायलासुद्धा भिते.”

“ताई, शब्द देते. उद्या पाच वाजता दवाखान्याच्या दारात, आणि एक खडाक् होणार नाही.”

बोलून गेली खरी. म्हणूनच आज सकाळी सातपासून ती अंगणात गाडीखाली होती. पुढच्या चाकांना विटा लावल्या होत्या, मागचं अंग जॅकने उचलून सांगाड्याखाली दोन भक्कम स्टँड दिले होते. चारी बोल्टना तेल पाजून ती चहा घेत बसली, तेव्हा खिडकीतून शिलाई मशीन थांबल्याचा आवाज आला. तिचे यजमान शिंपी, गल्लीचे ‘मास्तर’. गळ्यात टेप, कानावर खडू आणि जिभेवर कायम एक टाका तयार.

“नमनालाच घडाभर तेल!” मास्तर म्हणाले. “अगं, बोट वाकडं केल्याशिवाय तूप निघत नाही. घाल दोन हातोडे.”

“तुमच्या मशीनमध्ये दोरा अडकला की हातोडा घालता का?”

“छे!”

“मग शिवा गुपचूप.”

ओसरीत खुर्चीवर बसलेल्या सासूबाईंच्या तोंडाला पदर गेला. हसू आलं होतं, पण आवाज करायची सोय नव्हती. आठवड्यातला हा एक दिवस त्यांचं मौन असे. सकाळी देवापाशी दिवा लावला की तोंड बंद, ते संध्याकाळचा दिवा लागेपर्यंत. वीस वर्षांत हा नेम चुकला नव्हता. मामंजी गेले त्या आठवड्यातही नाही. या दिवशी घराशी बोलायची ती त्यांची काठी. एक ठोका म्हणजे हो, दोन म्हणजे नाही.

चहा संपेपर्यंत बोल्टांचा रुसवा गेला होता. तीन निमूट आले. चौथ्याने पुन्हा तेल मागितलं, पुन्हा चहा मागितला, आणि मग किर्र करत बाहेर आला. जुनी शॅकलं हातात घेऊन सूनबाईने उजेडात धरली. बोल्टाचं गोल भोक झिजून अंड्यासारखं लांबट झालं होतं, आतल्या रबराच्या बुशांचा तर चिवडा झाला होता. इतके दिवस आपण यावर शंभर-शंभर जार लादत होतो! तिने मनातल्या मनात गाडीची माफी मागितली.

नवे बुश साबणाचं पाणी लावून आत सरकवले, नवी शॅकलं चढवली, बोल्ट ओवले. तीन वाजत आले होते. आता राहिलं होतं आवळणं. तिने पान्याच्या दांड्याला लांब पाइप घातला आणि अंगातलं सगळं बळ लावलं.

ओसरीतून दोन ठोके आले. टक्, टक्.

“आई, काय झालं?” मास्तर धावले. “पाणी हवंय?”

टक्, टक्.

“ऊन लागतंय? चष्मा? उशी?”

टक्, टक्, टक्, टक्. काठी जमिनीवर आपटत होती आणि सासूबाईंचा हात गाडीकडे जात होता.

“आईला बरोबर यायचंय वाटतं,” मास्तरांनी निकाल दिला.

सासूबाईंनी लेकाकडे असं पाहिलं की शाळेतली सगळी प्रगतिपुस्तकं त्याला एका दमात आठवली असावीत.

“आई, एक शब्द बोल ना. देव काही एवढ्यावर रागावणार नाही.”

“नका हो त्यांचा नेम मोडू,” गाडीखालून सूनबाई म्हणाली. “झालंच माझं. मग निवांत बघू काय ते.”

चारी बोल्ट कचकचून आवळून तिने स्टँड काढले, गाडी खाली उतरवली आणि हात धुवायला पळाली. साबणाने कोपरापर्यंत घासलं, धुतलेली साडी नेसली. साडेतीन. हळू चालवलं तरी पन्नास मिनिटांचा रस्ता. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होऊन, किल्ली बोटावर फिरवत ती बाहेर आली आणि जागच्या जागी थांबली.

सासूबाई गाडीच्या मागच्या चाकापाशी उभ्या होत्या. एका हातात काठी, दुसऱ्या हातात वाफाळता कप. कमरेत वाकून तो कप त्यांनी गाडीखाली धरला होता. तिथे कुणीच नव्हतं.

मास्तर घाबरून कुजबुजले, “आईला काही भास तर...”

“थांबा,” सूनबाई म्हणाली.

तिला ते दिसलं. मामंजी गाडी खाली उतरवायचे, चाकं जमिनीला टेकायची, आणि मग ते पुन्हा गाडीखाली शिरायचे. तेव्हाच सासूबाई चहा घेऊन यायच्या आणि वाकून कप आत द्यायच्या. “झालं ना काम? मग परत कशाला त्या मातीत?” हे शब्द सूनबाई स्वयंपाकघरातून ऐकायची. दर वेळी ती हत्यारं देऊन, बोल्ट ओवून आत पळायची, कारण तोवर चुलीवर काहीतरी लागायला आलेलं असे. पुढे मामंजी काय उत्तर द्यायचे, ते तिला भांड्यांच्या आवाजात अर्धवटच पोचायचं.

“आधी भार येऊ द्यावा... मग बांधावं.”

म्हणजे बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडी स्वतःच्या पायांवर उभी असताना! तिने आवळले होते अधांतरी. गाडी खाली आल्याबरोबर चारी बुश आतल्या आत पिळवटले गेले असणार. आज खडाक् झालं नसतं, पण पाटा आखडून ताठ राहिला असता. प्रत्येक खड्डा सरळ वर सीटपर्यंत, ताईंच्या खुब्यापर्यंत. आणि महिन्याभरात नवं रबर फाटून पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

“आई, सैल करून परत आवळू ना? असंच गाडी उभी ठेवून?”

टक्. एकच ठोका, पण अंगणभर ऐकू गेला.

सूनबाईने घड्याळाकडे पाहिलं, धुतलेल्या साडीकडे पाहिलं. मग पदर खोचला, जमिनीवर गोणपाट टाकलं आणि शिरली खाली. चारी बोल्ट सैल केले.

“अहो, मागे चढा आणि उड्या मारा.”

“मी?”

“पाटे बसायला हवेत जागेवर. मारा!”

मास्तर गळ्यातल्या टेपसकट मागे चढले आणि धाडधाड नाचू लागले. समोरून किराणावाला ओरडला, “काय मास्तर, लॉटरी लागली का?”

“बायकोनं नाचवलंय!”

“ते रोजचंच. आज गाडी कशाला लागली?”

गाडीखाली सूनबाईला इतकं हसू आलं की पाना दोनदा निसटला. मग मात्र एकेक बोल्ट तिने दम धरून आवळला. शेवटच्या बोल्टाने कुरकुर केली आणि गप्प झाला, पटलं असावं. बाजूने एक कप आत आला. चहा कोमट झाला होता. तिने आडवं पडल्या पडल्या, मान तिरकी करून, दोन घोटांत तो संपवला. असा चहा तिने जन्मात प्याला नव्हता.

बाहेर आली तेव्हा चार वाजून पाच मिनिटं झाली होती. साडीला तेलाचा हाताएवढा डाग. बदलायला वेळ नव्हता आणि ताईंनी तो वास ओळखला तर बरंच होतं. सासूबाईंनी शेजारच्या सीटवर आपली मऊ उशी ठेवली, हाताने दोनदा थोपटली आणि बाजूला झाल्या.

“येते, आई.”

सूनबाईने हॉर्न न वाजवता गाडी बाहेर काढली. गल्लीच्या तोंडाशी नळासाठी खणलेली चर होती, रोज तिथेच पहिला खडाक् व्हायचा. तिने कान मागे लावले. गाडी चरीत उतरली, हळूच वर आली, आणि झोपेत कूस बदलावी तशी पुढे सरकली.

कान तसेच ठेवून सूनबाई मोठ्या रस्त्याला लागली.