सहानंतर आठ

बोटाला थुंकी लावून पानं उलटणारा माणूस मला मुळातच सहन होत नाही. गुरुप्रसादने वडा खाल्लेल्या बोटाला थुंकी लावली, फाइल उघडली, आणि मी मनात म्हटलं, शी! आता तासभर ह्याचं ऐकायचं.

शहाण्णवच्या एप्रिलमधली गोष्ट. सिंगापुरात बुओना व्हिस्टाला त्याच्या कॉन्डोच्या फंक्शन रूममध्ये शनिवारी दुपारी चारला महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम होता. पडदे ओढलेले, एसी मरणाचा गार, आणि खोलीभर तळणाचा वास. विषय काय, तर 'ब्रिटनीचा किनारा: सायकलवरून आणि पायी', स्लाइड्ससह. ब्रिटनी म्हणजे फ्रान्सचं समुद्रात घुसलेलं पश्चिमेचं टोक. तिथली माणसं मूळची फ्रेंच नव्हेत, केल्टिक. भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, शेताशेतांत हजारो वर्षांपूर्वीचे उभे दगड. मला हे सगळं ठाऊक होतं, कारण माझा नवरा तिथे सात आठवडे राहून आला होता.

नवरा धनेश, मूळचा केळशीचा, जहाजावर सेकंड इंजिनियर. आदल्या उन्हाळ्यात त्याचं जहाज दुरुस्तीला ब्रेस्टच्या गोदीत लागलं होतं. गोदीच्या वॉचमनकडून त्याने एक जुनी सायकल मिळवली, सुट्टी मिळाली की किनारा धरून भटकायचा आणि मला पत्रं लिहायचा. चांगली आठ-आठ पानी. जहाजावरची माणसं पत्रांवर नंबर घालतात, कारण कुठलं पत्र कधी पोचेल आणि मागचं पुढे कसं होईल ह्याचा काही नेम नसतो. धनेश डाव्या कोपऱ्यात गोल काढून त्यात आकडा लिहायचा. एक ते सहा आली. सातवं आलंच नाही. आठवं आलं ते दोन ओळींचं: 'मी ठीक आहे. किमयाला पापा.' किमया आमची मुलगी, तेव्हा आठ वर्षांची.

सात कुठे गेलं, हे मी विचारलं नाही. सासरेही जहाजावर होते, त्यामुळे सासूबाईंनी लग्नानंतर आठवड्याभरातच बजावलं होतं: जहाजावरच्या माणसाला उणं काही कळवायचं नाही. ताप आला कळवायचं नाही, भांडण झालं कळवायचं नाही, पत्र पोचलं नाही हेसुद्धा नाही. तो तिथे मशीनपाशी उभा असतो, त्याचं चित्त ढळता कामा नये. आमच्यातल्या सगळ्या बायका हे पाळतात. आणि खरं सांगू? मला रागही आला होता. मला दोन ओळी? मग घे, माझ्याही दोन ओळी.

जानेवारीत तो घरी आला तो भाडेकरूसारखा. टॅम्पिनीसच्या आमच्या फ्लॅटमध्ये जेवून झालं की स्वतःचं ताट विसळायचा आणि मला 'थँक यू' म्हणायचा. बायकोला थँक यू! तीन महिने हे असं. येत्या सोमवारी तो पुन्हा नऊ महिन्यांसाठी निघणार होता. ह्या वेळी जहाज परत येईल पण हा माझ्याकडे परत येणार नाही, ह्या भीतीने माझी झोप उडाली होती. सहा आणि आठच्या मधे त्या ब्रिटनीत काय झालं, कोण भेटली, कुणी कान भरले? निदान ती जागा तरी बघावी, म्हणून मी किमयाला घेऊन गेले. धनेश म्हणाला, "मी आत येणार नाही. साडेपाचला खाली न्यायला येतो."

गुरुप्रसाद पूर्वी धनेशच्याच कंपनीच्या सिंगापूर ऑफिसात होता. जहाजांवरच्या टपालाची थैली त्याच्याकडे यायची आणि तिथून पत्रं आम्हा बायकांना जायची. ब्रेस्टला तो ऑफिसतर्फे चार दिवस जाऊन आला होता. हॉटेलात राहिला, गाडीतून फिरला. धनेशनेच सहाव्या पत्रात तसं लिहिलं होतं. पुढे त्याने नोकरी बदलली. दारात मला म्हणाला, "काय वहिनी, धनेशराव सध्या कुठल्या समुद्रात?" आणि उत्तर न ऐकताच पुढच्या पाहुण्याकडे वळला. धनेश सिंगापुरात आहे हे त्याच्या गावीही नव्हतं.

दिवे गेले. पहिली स्लाइड आली: टोकावरचं दीपगृह आणि त्याला खेटून छप्पर उडालेला जुना मठ. गुरुप्रसाद वाचू लागला.

"चढावर चेन कुरकुरायला लागली. मी फिल्मच्या रिकाम्या डबीत इंजिनरूम... म्हणजे गॅरेजमधून ग्रीस आणलं होतं, ते बोटाने लावलं."

मी ताठ बसले. ज्या माणसाला घरातला बल्ब बदलायला बायको लागते, त्याने चेनला ग्रीस लावलं? त्याचं ढेरपोट बघा. सायकलवर बसला असता तर सायकलचीच दुरुस्ती करावी लागली असती.

"ओहोटीला पाणी इतकं मागे जातं की होड्या चिखलात कुशीवर पडून राहतात. आमच्या केळशीच्या खाडीत पडतात तशा."

केळशी! सदाशिव पेठेत जन्मलेल्याची केळशी! शेजारी बसलेली त्याची बायको विनीता कौतुकाने मान डोलवत होती.

"इथले म्हातारे ब्रेटन बोलतात आणि नातवंडं त्यांना फ्रेंचमध्ये उत्तरं देतात. मला आपल्या मुलांची आठवण झाली." सगळी खोली उसासली. मग पडद्यावर दोन पुरुषांच्या उंचीहूनही मोठा उभा दगड आला. "पूर्वी नवी जोडपी ह्या दगडाला उघडं अंग घासायची. त्याने म्हणे बाईची घरात सत्ता चालते. तुला मात्र दगडाची गरज पडली नाही."

'तुला' वाचून गेल्यावर तो क्षणभर गांगरला, मग विनीताकडे बोट दाखवून हसला. लोक खो खो हसले. विनीता लाजली. लाजली हो! माझ्या नवऱ्याने माझ्यासाठी केलेल्या थट्टेवर ती बाई पदर सावरत लाजली. मला इतकी किळस आली की तोंडात धरलेलं पन्हं मी परत ग्लासात सोडलं.

तेवढ्यात मागचं दार उघडलं. उजेडात धनेश उभा होता. लवकर आला होता, खाली वाट बघून कंटाळला असेल. गुरुप्रसाद पाठमोरा होता, त्याला पत्ता नव्हता. तो दगडाबद्दलच पुढे वाचत राहिला. धनेशने दोन-तीन वाक्यं ऐकली. पडद्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तसं त्याने माझ्याकडे कधी पाहिलं नव्हतं. पायाखाली काही घाण आली की माणूस खाली बघतो, तसं. दार लागलं.

मला लख्ख कळलं. मी त्याचं पत्र ह्या माणसाला वाचायला दिलं, असं त्याला वाटलं होतं.

मी उठले आणि प्रोजेक्टरच्या झोतातूनच पुढे गेले. तो दगड माझ्या अंगावर आला. लोक "अहो, बसा, बसा" म्हणत होते. मी फाइल ओढली. वर गुरुप्रसादचे टाइप केलेले कागद आणि खाली निळ्या पातळ कागदाची पानं. डाव्या कोपऱ्यात गोल आणि गोलात सात. पानांवर तेलाचे डाग, कडेला चटणी.

"गुरुप्रसादराव, हे अक्षर कुणाचं?"

"वहिनी, अहो, काय झालं माहितीये का," तो कुजबुजला, "थैलीत पाकीट फाटून आलं होतं. पत्ता नीट दिसेना. मग राहिलं ते राहिलंच. आणि लिहिलंय इतकं छान, म्हटलं लोकांपर्यंत पोचावं. धनेशरावांचं नाव मी शेवटी घेणारच होतो."

"पत्ता दिसेना? आत पहिली ओळ 'प्रिय जयवंती' आहे. किती जयवंती राहतात हो तुमच्या सिंगापुरात?"

"तुम्ही उगाच आरडाओरडा करताय."

"अजून केलेलाच नाही! दुसऱ्याचं पत्र फोडायचं, वाचायचं, त्याच्यावर वडे खायचे आणि वर स्वतःच्या नावावर खपवायचं? उष्टं खाणाराही आधी विचारतो हो! थू तुमच्यावर."

विनीता म्हणाली, "जयवंती, अगं चार लोकांत..." मी ऐकायला थांबले नाही. दिवे लागले होते. शेवटचं पान मी तिथेच उभ्याने वाचलं. गुरुप्रसादने त्यावर पेन्सिलीने आडवी रेघ मारली होती आणि समासात लिहिलं होतं: 'हे गाळावे.'

'आज टोकापर्यंत पायी गेलो. पुढे जमीन नाही. तिथे बसून ठरवलं, जया. मला आता जहाज नको. इंजिनरूममध्ये उतरताना मला भीती वाटते, हात थरथरतात. हे मी कुणालाच सांगू शकत नाही. किनाऱ्यावर काहीतरी मिळेल, घर लहान घ्यावं लागेल. तू हो म्हणालीस तर इथूनच उतरतो. नाही म्हणालीस तरी मी रागावणार नाही, पण उत्तर दे. उत्तरच आलं नाही, तर मी काय ते समजेन.'

म्हणजे हे वाचून, समजून, पेन्सिलीने रेघ मारून तो माणूस इतके महिने स्वस्थ बसला होता! माझ्या घरात मुकेपणा पसरला होता आणि हा इथे ओळी निवडत होता. मला वाटलं, ह्या खोलीत आणखी एक क्षण उभी राहिले तर ओकारी होईल.

पानं घेतली, किमयाचा हात धरला आणि निघाले. "ममी, वॉक स्लोली लाह!" ती ओरडत होती. धनेश एमआरटीच्या, म्हणजे तिथल्या मेट्रोच्या, प्लॅटफॉर्मवर, अगदी टोकाच्या बाकावर सापडला. किमयाला दोन बाकं अलीकडे बसवलं.

"सगळ्यांसमोर वाचायला दिलंस," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "उत्तर द्यायचं नव्हतं तर फाडून टाकायचंस."

मी पानं त्याच्या मांडीवर ठेवली. "मला हे आज मिळालं. आत्ता. त्या भामट्याने थैलीतून काढून घेतलं होतं."

त्याने पानं उलटली. डाग पाहिले. 'हे गाळावे'वर बोट फिरवलं. मग म्हणाला, "सहानंतर आठ आलं, तेव्हा तुझ्या लक्षात आलं असेलच की."

"आलं."

"मग विचारलं का नाहीस?"

सासूबाईंची शिकवण सांगितली. चित्त ढळू नये म्हणून कळवायचं नाही, वगैरे. ती शिकवण त्याच्याच घरची होती. दोन ओळींच्या रागाचं मात्र मी गाळलं.

"मी प्रत्येक बंदरात वाट बघत होतो गं," तो म्हणाला. "आणि परत आल्यावर मीही विचारलं नाही. तुला नकोय, मग कशाला बोला?" मग त्याने तीन महिन्यांत पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं. "एक सांग. तेव्हा वेळेवर मिळालं असतं, तर काय लिहिलं असतंस?"

गाडी आली, थांबली. दारं उघडली, मिटली, गाडी गेली.

मला काय लिहिलं असतं हे नीट ठाऊक होतं. त्या उन्हाळ्यात मी मोठ्या फ्लॅटचा अर्ज भरून ठेवला होता. किमयाला पियानो लावला होता. मैत्रिणींत 'आमचे चीफ इंजिनियर होणार' म्हणून सांगून बसले होते. मी लिहिलं असतं: 'असं रे काय करतोस? अजून दोन कॉन्ट्रॅक्ट काढ, मग बघू.' आणि बहुतेक खाली लिहिलं असतं: 'भीती वगैरे मनाचे खेळ असतात.' अक्षर न् अक्षर मला दिसत होतं.

"ये म्हणून लिहिलं असतं," मी म्हणाले. "लगेच."

त्याने मान खाली घातली आणि प्लॅटफॉर्मवरच्या माणसांसमोर रडला. "मग सोमवारी मी जात नाही," म्हणाला, आणि माझा हात घट्ट धरला. थू तुमच्यावर, असं थोड्या वेळापूर्वी मी भर सभेत एका माणसाला म्हणाले होते. मला माझीच शिसारी आली. हात मात्र मी सोडवून घेतला नाही.